मेक्सिकोवरची स्पॅनिश स्वारी वर्गात कशी शिकवावी

प्रश्न असा आहे: बारावीच्या इतिहासात युरोपीय वसाहतवाद शिकवताना कोलंबस, कोर्तेस, पिझारो ही नावं भराभर येऊन जातात. मुलांच्या वहीत शेवटी एकच वाक्य उरतं, ‘घोडे, बंदुका आणि देवीची साथ यांच्या जोरावर मूठभर स्पॅनिशांनी मोठी साम्राज्यं जिंकली.’ तिथल्या मूळ लोकांची बाजू नीट मांडायची तर किती तासिका लागतील, साधनं कुठली वापरावीत आणि काय टाळावं?

आधी एक निर्णय घ्या. अख्खं अमेरिका खंड शिकवायला जाऊ नका, एकच प्रकरण घ्या आणि ते पुरेसं खोल शिकवा. मेक्सिको घ्यावा असं माझं ठाम मत आहे, कारण तिथल्या नाहुआ लोकांनी स्वतःच्या भाषेत, नाहुआत्लमध्ये, लिहून ठेवलेला मजकूर भरपूर आहे आणि तो फुकट पाहता येतो. इंकांकडे गाठी मारलेल्या दोऱ्यांची, म्हणजे किपूची नोंदपद्धत होती. ती अजून पूर्ण वाचता आलेली नाही. वामान पोमा याने सुमारे 1615 मध्ये केलेला जवळजवळ 400 चित्रांचा ग्रंथ अप्रतिम आहे, पण तो स्वारीनंतर ऐंशी वर्षांनी झालेला. पेरू पुढच्या वर्षासाठी ठेवा. मेक्सिकोला 40 मिनिटांच्या पाच तासिका पुरतात.

पहिल्या तासात फळ्यावर जहाज काढू नका. जहाजापासून सुरुवात केली की मुलं नकळत जहाजावर चढतात आणि किनाऱ्यावरची माणसं त्यांना लांबूनच दिसत राहतात. त्याऐवजी तेश्कोको सरोवर काढा. मधे तेनोच्तित्लान हे बेटावरचं शहर आणि त्याला लागूनच उत्तरेला त्लातेलोल्को. तीन मोठे बांधरस्ते दाखवा: दक्षिणेला इस्तापालापाकडे, पश्चिमेला त्लाकोपानकडे, उत्तरेला तेपेयाककडे. पश्चिम काठावरच्या चापुल्तेपेकहून येणारा गोड्या पाण्याचा नळमार्ग वेगळ्या रंगाने काढा, कारण चौथ्या दिवशी तो लागणार आहे. सरोवराचा पूर्वेकडचा भाग खारट होता; ते पाणी शहराकडे येऊ नये म्हणून तेश्कोकोचा राजा नेसावालकोयोत्ल याच्या काळात लांबलचक बांध घातला होता. उथळ पाण्यात गाळ रचून, कडेला झाडं लावून केलेली शेतं म्हणजे चिनांपा. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्कोत ती आजही कसली जातात. शहराची लोकसंख्या दीड ते दोन लाख असावी असा सर्वसाधारण अंदाज आहे. तेव्हाच्या स्पेनमध्ये एवढं मोठं शहर नव्हतं. त्लातेलोल्कोच्या बाजारात रोज साठ हजारांवर माणसं खरेदी-विक्री करतात, असं स्वारीचा म्होरक्या कोर्तेस याने स्वतःच स्पेनच्या राजाला लिहिलं आहे.

हा नकाशा काढायला दहा-बारा मिनिटं लागतात. तो पुसू नका. फळा मोकळा करावा लागणार असेल तर तक्ता करून भिंतीवर लावा, कारण पाचही दिवस बोट त्याच्यावरच ठेवायचं आहे.

याच तासात नावांचा घोळ मिटवा. ‘रेड इंडियन’ हे शब्द वर्गात येणारच; ते कुठून आले ते एका वाक्यात सांगा आणि पुढे वापरू नका. ‘आदिवासी’ म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर जंगलातला पाडा येतो आणि दोन लाखांचं शहर तिथे बसत नाही. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक लोकसमूहाला त्याच्या नावाने हाक मारणं. तेनोच्तित्लानचे ते मेशिका, त्लाश्कालाचे ते त्लाश्कालाचे, किनाऱ्यावरचे तोतोनाक, कोलंबसाला कॅरिबियन बेटांवर भेटलेले तैनो. भाषा नाहुआत्ल, ती बोलणारे सगळे नाहुआ. ‘अॅझ्टेक साम्राज्य’ म्हणजे एकसंध राज्य नव्हतं. तेनोच्तित्लान, तेश्कोको आणि त्लाकोपान या तीन नगरराज्यांनी 1428 मध्ये युती केली आणि पुढच्या नव्वद वर्षांत आजूबाजूची शेकडो नगरराज्यं खंडणीत बांधली. खंडणी कापड, कोको, पिसं, धान्य अशा वस्तूंत येई. स्थानिक राजे बहुधा गादीवरच राहत, पण मनातला राग राहतच असे. नकाशावर पूर्वेला त्लाश्काला वेगळ्या रंगाने भरा: चारही बाजूंनी वेढलेलं, मीठ आणि कापूस तोडलेला, तरीही न वाकलेलं राज्य.

दुसरा तास सगळ्यात महत्त्वाचा. त्याचा विषय एकच, सप्टेंबर 1519 मध्ये कोणी कोणाची बाजू घ्यावी? वर्गाचे सहा गट करा: तोतोनाकांचं सेंपोआला, त्लाश्काला, चोलुला, वेहोत्सिंगो, तेश्कोको आणि तेनोच्तित्लान. प्रत्येक गटाला सात-आठ ओळींचं कार्ड द्या. त्यावर तीनच गोष्टी असाव्यात: आपलं तेनोच्तित्लानशी नातं काय, परक्यांबद्दल आत्तापर्यंत काय कळलंय, आणि आपल्याकडे किती माणूसबळ आहे. उदाहरणार्थ त्लाश्कालाच्या कार्डावर हे यावं की आपण या परक्यांशी अनेक दिवस लढलो, त्यांची माणसं व घोडे मारले, पण आपली हानी फार झाली. आपल्या सरदारांपैकी धाकटा शिकोतेनकात्ल लढाई चालू ठेवा म्हणतोय, माशिश्कात्सिन समेट करा म्हणतोय. गटाने पंधरा मिनिटं चर्चा करून निर्णय आणि त्याची दोन कारणं कागदावर लिहायची. मग खरोखर काय झालं ते सांगा.

इथे एक चूक हमखास होते. मुलांना शेवट माहीत असतो, म्हणून ती म्हणतात, ‘स्पॅनिश आपल्याला गुलाम करणार, त्यांना मदत नको.’ कार्डावर त्या तारखेनंतरची एकही गोष्ट येऊ देऊ नका. 1519 च्या त्लाश्कालाला समोर दिसत होती ती तीन-चारशे थकलेली माणसं, डझनभर घोडे आणि एक जुना वैरी. ‘आपण सगळे मूळ अमेरिकी’ अशी ओळख तेव्हा कोणाचीच नव्हती, त्यामुळे ‘फितुरी’ हा शब्दही इथे लागू पडत नाही. इथे मराठी मुलांना कंपनी सरकारच्या फौजेची आठवण करून द्या. त्या फौजेतही बहुसंख्य शिपाई इथलेच होते. फरक मात्र लगेच सांगा: ते शिपाई पगारी होते, त्लाश्काला मात्र स्वतःच्या सरदारांखाली, स्वतःच्या हेतूसाठी लढणारं स्वतंत्र राज्य होतं.

तास संपवताना आकडे फळ्यावर लिहा. 1521 च्या वेढ्यात स्पॅनिश होते 900 च्या आसपास. त्यांच्या बाजूने लढणारे त्लाश्काला, तेश्कोको, वेहोत्सिंगो, चाल्को वगैरेंचे योद्धे दहा-दहा हजारांत मोजावे लागतात, आणि हे कोर्तेसच्या स्वतःच्या पत्रांतून दिसतं. सरोवरावर ताबा मिळवणारी 13 लहान जहाजं त्लाश्कालात घडवली गेली, सुटी करून हजारो हमालांनी डोंगर ओलांडून तेश्कोकोपर्यंत वाहून आणली आणि कालवा खणून पाण्यात सोडली. एवढं पाहिल्यावर ‘मूठभरांनी जिंकलं’ हे वाक्य मुलं स्वतःच खोडतात. तुम्ही आधी खोडू नका.

तिसऱ्या तासाला मध्यस्थ दुभाषे घ्या. कोर्तेस स्पॅनिश बोले. हेरोनिमो दे आगिलार 1511 मध्ये जहाज फुटून युकातानात अडकला होता, त्याला स्पॅनिश आणि माया भाषा येत होती. मालिन्त्सिन ही तरुण मुलगी पोतोनचानच्या लोकांनी हरल्यावर इतर एकोणीस स्त्रियांबरोबर स्पॅनिशांना देऊन टाकली होती. तिला माया आणि नाहुआत्ल दोन्ही येत होत्या. म्हणजे 8 नोव्हेंबर 1519 च्या भेटीत मेशिकांचा राजा मोक्तेसुमा कोर्तेसशी जे बोलला ते नाहुआत्लमधून मायात, मायातून स्पॅनिशमध्ये पोहोचलं. पुढे ती स्पॅनिशही शिकली. नाहुआ चित्रांत ती बहुतेकदा मध्यभागी आणि कोर्तेसच्या बरोबरीने मोठी काढलेली असते. आजच्या मेक्सिकोत तिच्या नावाला ‘देशद्रोही’ असा वास येतो. तो एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्रवादातून आला. लहानपणीच घरापासून तुटून गुलामगिरीत गेलेल्या मुलीकडे पर्याय किती होते, हा प्रश्न वर्गापुढे ठेवा आणि उत्तराची घाई करू नका.

प्रयोग असा करा. यजमानाचं सहा ओळींचं स्वागतपर भाषण मराठीत लिहून एका विद्यार्थ्याला द्या. तो ते दुसऱ्याला हिंदीत सांगेल, दुसरा तिसऱ्याला इंग्रजीत, आणि तिसरा मूळ कागद न पाहता ते पुन्हा मराठीत लिहील. वर्गात कन्नड, कोकणी, गोंडी, उर्दू घरी बोलणारी मुलं असतील तर मधली भाषा ती ठेवा. भाषणात ‘हे घर तुमचंच आहे’, ‘आम्ही आपले सेवक’ अशी आदराची वाक्यं हवीत. व्यवहाराची वाक्यं दिली तर भाषांतर सरळ होतं आणि प्रयोग फसतो. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. ‘घर तुमचंच आहे’ म्हणणारा पाहुण्याच्या नावावर घर करून देत नाही हे आपल्या मुलांना सांगावं लागत नाही. नाहुआ दरबारी भाषेतही नम्रता दाखवण्याची अशीच पद्धत होती.

आता मुद्द्यावर या. मोक्तेसुमाने आपलं राज्य स्वखुशीने स्पेनच्या राजाला दिलं, हे कोर्तेसने लिहिलं ते 30 ऑक्टोबर 1520 च्या पत्रात, म्हणजे शहरातून हाकलला गेल्यानंतर. क्युबाचा गव्हर्नर वेलास्केस याचा अधिकार झुगारून तो निघालेला होता. राजाने त्याला बंडखोर ठरवलं असतं तर फाशी होती. मोक्तेसुमाने आधी राज्य दिलं असं ठरलं, की मेशिकांनी नंतर केलेला प्रतिकार ‘बंड’ होतो आणि कोर्तेसचं युद्ध कायदेशीर होतं. कागद कोणी, कधी, कोणासाठी लिहिला, ही सवय लागायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

चौथ्या तासात मे 1520 ची तोश्काट्ल सणातली कत्तल घ्या. कोर्तेस किनाऱ्यावर, वेलास्केसने त्याच्यावर पाठवलेल्या नार्वाएसशी लढायला गेला होता, शहरात त्याचा सरदार पेद्रो दे आल्वारादो होता. मेशिकांनी सणाची परवानगी मागितली, ती मिळाली. उइत्सिलोपोच्त्ली या देवाची मूर्ती राजगिऱ्याच्या पिठाची केली. हो, आपला उपवासाचा राजगिरा. ते धान्य मूळचं अमेरिकेतलं आहे, आणि मेक्सिकोत आजही त्याची आपल्या चिक्कीसारखी वडी मिळते. नाच ऐन रंगात असताना स्पॅनिशांनी बाहेर जायच्या वाटा अडवल्या आणि निःशस्त्र नर्तकांवर तलवारी चालवल्या.

तीन उतारे द्या, प्रत्येकी दहा ओळींचे, मराठीत तुम्हीच आधी करून ठेवलेले. पहिला, कोर्तेसच्या त्याच पत्रातला: त्यात शहरातल्या लोकांनी स्पॅनिशांवर हल्ला केल्याची बातमी आहे, कत्तलीचा उल्लेख नाही. दुसरा, स्वारीतला शिपाई बेर्नाल दियास याचा. त्याने तो अनेक दशकांनी, म्हातारपणी लिहिला आणि 1632 मध्ये छापला गेला. त्यात आल्वारादोचं ‘ते उठाव करणार होते’ हे समर्थन येतं. तिसरा, फ्लोरेन्टाइन कोडेक्स या हस्तलिखित पोथीच्या बाराव्या भागातला नाहुआत्ल मजकूर: ढोल वाजवणाऱ्याचे हात तोडले, इथून तो सुरू होतो. तिन्ही उताऱ्यांवर लेखकाचं नाव लिहू नका. चार जणांच्या गटाने आधी ओळखायचं की कोणता उतारा कोणाचा असावा आणि कशावरून. वीस मिनिटं द्या, त्याहून कमी दिली तर मुलं अंदाज मारून मोकळी होतात.

तिसरा उतारा मिळाला म्हणजे ‘खरी बाजू’ सापडली, असं मात्र सांगू नका. शिक्षकांकडून होणारी ही दुसरी मोठी चूक. फ्लोरेन्टाइन कोडेक्स हा बारा भागांचा ग्रंथ फ्रान्सिस्कन साधू साहागुन याच्या देखरेखीखाली नाहुआ विद्वानांनी आणि चित्रकारांनी तयार केला आणि सुमारे 1577 मध्ये पूर्ण झाला. आंतोनियो वालेरियानोसारखे त्यातले काही विद्वान त्लातेलोल्कोच्या 1536 च्या महाविद्यालयात लॅटिन शिकलेले होते. बऱ्याच आठवणी त्लातेलोल्कोच्या वृद्धांच्या आहेत, म्हणून शेजारच्या तेनोच्तित्लानच्या नेत्यांवर, विशेषतः मोक्तेसुमावर, त्यात राग दिसतो. पानावर दोन स्तंभ आहेत, नाहुआत्ल आणि स्पॅनिश, आणि दोन्हींतला मजकूर सगळीकडे जुळत नाही. मूळ पोथी फ्लोरेन्समध्ये आहे. गेटी संस्थेने 2023 पासून ती भाषांतरासह इंटरनेटवर खुली केली आहे. भाषांतर करताना इंग्रजी पाठ नाहुआत्ल स्तंभाचा आहे की स्पॅनिश स्तंभाचा, हे तपासून घ्या. मुलांना पानाचं चित्र प्रत्यक्ष दाखवा. एका मोबाइलवरून दाखवलं तरी चालेल.

कत्तलीचं नाट्यरूपांतर करू नका. मारणारे आणि मरणारे अशा भूमिका वाटल्या की हसू येतं, नाहीतर कोणाला तरी खोल लागतं, आणि शिकायचं ते शिकून होत नाही.

तासाच्या शेवटी पुढच्या घटना नकाशावर बोट फिरवत सांगा. 30 जून 1520 च्या रात्री स्पॅनिश आणि त्लाश्कालाचे लोक त्लाकोपानच्या बांधरस्त्याने पळाले आणि शेकड्यांनी मेले. स्पॅनिश इतिहासात ती ‘दुःखाची रात्र’. मेक्सिको शहराने 2021 मध्ये तिथल्या चौकाचं नाव ‘विजयाची रात्र’ केलं. मग देवीची साथ आली. मोक्तेसुमानंतरचा राजा कुइत्लावाक सुमारे ऐंशी दिवसांतच तिला बळी पडला. मे 1521 च्या अखेरीस वेढा पडला, चापुल्तेपेकचा नळ आधीच फोडला होता, आणि 13 ऑगस्टला त्याच्यानंतरचा राजा कुआउतेमोक पकडला गेला.

आता वर्गात नक्की येणारे तीन प्रश्न.

‘ते नरबळी देत होते ना?’ होय, देत होते. टाळू नका. मेक्सिको शहरात महामंदिराजवळ 2015 पासूनच्या उत्खननात कवट्यांचा मनोरा सापडला. 2020 पर्यंत मोजलेल्या कवट्या सहाशेच्या वर होत्या, त्यांत स्त्रिया आणि मुलंही होती. स्पॅनिश लेखकांनी सांगितलेले प्रचंड आकडे मात्र जसेच्या तसे घेऊ नका. आणि एक गोष्ट अवश्य जोडा: कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांत असे सामूहिक नरबळी नव्हते, तरी सक्तीचं काम, उपासमार आणि रोग यांनी सर्वांत आधी तेच उद्ध्वस्त झाले. नरबळी थांबवण्यासाठी स्वारी झाली, हे समर्थन तिथे कोसळतं.

‘कोर्तेसला ते देव समजले होते का?’ कोर्तेसच्या पत्रांत तो परतलेला देव केत्सालकोआत्ल असल्याची कथा नाही. ती काही दशकांनंतरच्या लेखनात येते आणि वाढत जाते. पराभव कसा झाला याचा पुढच्या पिढीने लावलेला अर्थ म्हणून ती शिकवता येईल, 1519 ची वस्तुस्थिती म्हणून नाही.

‘देवीच्या रोगाने सगळं झालं ना?’ रोग बाजू बघून येत नव्हता. स्पॅनिशांचा मित्र माशिश्कात्सिनही त्यातच गेला. मध्य मेक्सिकोत 1519 ला किती लोक होते याचे अंदाज पन्नास लाखांपासून अडीच कोटींपर्यंत जातात. 1600 नंतर जेमतेम दहा लाखांच्या आसपास उरले. इतकी मोठी तफावत मुलांना दाखवा, एकच आकडा देऊ नका. 1520 नंतर 1545 आणि 1576 ला आणखी भयंकर साथी आल्या. गावंच्या गावं एन्कोमिएन्दा पद्धतीने स्पॅनिशांच्या हाती दिलेली, खाणीत सक्तीचं काम, शेती उजाड, अशा शरीरांवर रोग आला. नुसता ‘रोग’ म्हटलं की कोणाचीच जबाबदारी राहत नाही. आणि देवीची लागण झालेल्या घोंगड्यांची गोष्ट इथली नव्हे. ती 1763 ची, उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजांची. मुलं दोन्ही मिसळतात.

पाचवा तास 1521 नंतरचा ठेवा. वेळ संपली म्हणून बहुतेक वेळा हाच गळतो, आणि मग मुलांना वाटतं की ती माणसं संपली. नाहुआ लोक रोमन लिपी शिकले आणि पुढची अडीचशे-तीनशे वर्षं नाहुआत्लमध्ये मृत्युपत्रं, जमिनीचे व्यवहार, नगरसभेचे ठराव, राजाला अर्ज लिहीत राहिले. वर्गासाठी वेहोत्सिंगो कोडेक्स घ्या: 1531 चा, आठ पानांचा, खंडणीत काय काय उकळलं याचा चित्रांतला हिशेब, जो कोर्टात पुरावा म्हणून मांडला गेला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्याची चित्रं आहेत. एक पान छापून द्या आणि मुलांना आधी स्वतः वाचू द्या: झेंडा म्हणजे वीस, ही किल्ली सांगितली की बाकीचं पुष्कळ त्यांना सुटतं. शेवटची दहा मिनिटं आजसाठी ठेवा. मेक्सिकोच्या 2020 च्या जनगणनेत 70 लाखांहून अधिक लोकांनी मूळ भाषा बोलत असल्याचं नोंदवलं, त्यांत नाहुआत्ल बोलणारे सर्वाधिक, सोळा लाखांच्या वर. मिरची, मका, टोमॅटो, शेंगदाणा इथे जरूर आणा, पण पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. मुलांना ते इतकं आवडतं की सगळी स्वारी त्यांच्या लेखी भाजीपाल्याची देवघेव होऊन बसते.

परीक्षेत ‘अॅझ्टेकांच्या पराभवाची पाच कारणे लिहा’ असं विचारलंत तर पाच दिवस वाया जातील. न पाहिलेला आठ ओळींचा उतारा द्या, दहा गुण: लेखक कोण व कोणासाठी लिहितो याला तीन, काय सांगायचं टाळतो याला तीन, वर्गात वाचलेल्या एका उताऱ्याशी तुलना याला चार. उत्तर चूक असलं तरी उताऱ्यातला शब्द दाखवून कारण दिलं असेल तर निम्मे गुण द्या.

आणि पाच तासिका मिळाल्याच नाहीत, एकच मिळाली, तर चौथी घ्या. नकाशाला पाच मिनिटं, त्लाश्काला कोण हे सांगायला पाच मिनिटं, आणि उरलेली तीस मिनिटं तोश्काट्लचे तीन उतारे.